तीन काट्यांची एकच खोट

अर्ज फेब्रुवारीत करायचे असतात हे मला सुट्टी लागल्यावर कळलं, असं आई सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. मला फेब्रुवारीतच कळलं होतं, मी आळस केला. आता उन्हाळी प्रशिक्षणाच्या फॉर्मवर शनिवारपर्यंत कुणाचा तरी शिक्का पडला नाही तर वर्ष वाया. नाहीतर मामाच्या ऑफिसात सहा आठवडे फायली लावत बसायचं. मामा चांगला आहे, पण केलेले उपकार तो प्रत्येक लग्नात जेवणाच्या टेबलावर सांगतो.

माझा तर्क सरळ होता. वेळेवर लागलेल्यांतले निम्मे दुसऱ्या आठवड्यात पळ काढतात. म्हणून मी ‘जागा आहे का’ असं विचारलंच नाही, ‘कोण सोडून गेलं’ असं विचारत फिरले. अकरा ठिकाणी लोकांनी मला वेड्यात काढलं. बारावं ठिकाण म्हणजे वजनकाटे तपासून दुरुस्त करणारं एक चिंचोळं वर्कशॉप. तिथले काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "कालच एक गेला. तुला कुणी सांगितलं?"

सोमवारपासून ये, काम बघतो, मग शिक्क्याचं बोलू, असं ठरलं.

काम नाजूक होतं. नाजूक काटा तपासायला घेतला की पंखा बंद, दार बंद. प्रमाण वजनं मखमलीच्या पेटीतून चिमट्याने उचलायची, बोट लावायचं नाही. घाम गळून नाकाच्या टोकावर आला तरी हलायचं नाही. काका दिवसातून दोनदा आधीच्या मुलाचं कौतुक करायचे. काळवंडलेली वजनं त्याने जाण्याआधी पावडरने घासून सोन्यासारखी लखलखीत केली होती. तुला जमेल का असं, हे ते बोलत नव्हते, पण मला ऐकू येत होतं आणि रागही येत होता.

गुरुवारी सकाळी टेबलावर तीन दुकानांचे तीन काटे होते. पहिल्याने दोनशे ग्रॅमच्या वजनाला थोडं कमी दाखवलं. काकांनी त्याचा स्क्रू पिळून तो ‘बरोबर’ करायला घेतला. तोवर मी दुसरा लावला, मग तिसरा. दोन्ही तेवढंच कमी दाखवत होते. गप्प बसले तर शनिवारी शिक्का नक्की होता, आणि बोलले तर हा माणूस मला दाराबाहेर काढणार.

"काका, तो काटा पिळू नका. तीन वेगळ्या कंपन्यांचे काटे एकसारखं खोटं बोलत नाहीत. वजन हलकं झालंय. घासून घासून धातू गेलाय."

ते तापले. बावीस वर्षांच्या अनुभवाचा पाढा वाचला, "कालच्या पोरीने मला शिकवू नये," म्हणाले. मग उठून कपाट उघडलं आणि कधीच न वापरलेलं सीलबंद वजन काढून काट्यावर ठेवलं. बरोबर दोनशे. दुसऱ्या काट्यावर दोनशे. तिसरा त्यांनी लावलाच नाही.

मग ते कामांच्या नोंदीची वही चाळत बसले. वजनं घासल्यापासून चौदा दुकानांचे चांगले काटे त्यांनी स्वतःच्या हाताने बिघडवले होते आणि वर काटा बरोबर असल्याचा सहीचा कागद दिला होता. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा असा उतरलेला बघून मला जिंकल्याचा आनंद झाला नाही.

"फॉर्म आण," ते म्हणाले. शिक्का शाईत बुडवला आणि हात तसाच थांबला. "मारतो. पण आता माझ्या शिक्क्याला कोण विचारणार?"

मी फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. "मग आत्ता मारू नका. शनिवार दुपारपर्यंत वेळ आहे. आधी चौदा दुकानं करू."

काकांनी शिक्का खाली ठेवला. सीलबंद वजन त्यांनी रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.