शिंजिराची उघडी चोच

मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे, चिंचोक्याहून जरासं मोठं. सहा वर्षं मी भिसेगावच्या गौराबाईंच्या कानामागे बसतो. आवाज पकडायचा, मोठा करायचा आणि आत सोडायचा, एवढंच माझं काम. आत गेल्यावर तो कसा ऐकू येतो, ते मला कधीच कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी गौराबाईंनी भांड्यांचा आवाज ऐकला, नवऱ्याचं, नामाभाऊंचं, खोकणं ऐकलं आणि हसल्या. मग मागच्या दारी जास्वंदीपाशी गेल्या. तिथे शिंजीर येतो, अंगठ्याएवढा जांभळा पक्षी. तरुणपणी त्याची बारीक चिवचिव ऐकत त्या भात सडायच्या. आता चोच उघडताना दिसली, आवाज आला नाही.

"तोंड उघडतोय, बोलत नाय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या तिथे उभ्या राहतात.

दमट हवा मला सोसत नाही. म्हणून मला विकणाऱ्या दुकानदाराने ओल शोषणाऱ्या खड्यांची डबी दिली होती. गौराबाईंचा विश्वास मात्र घरच्या तांदळावर. पावसाळा लागला तशा त्या मला तांदळाच्या डब्यात निजवू लागल्या. तांदूळ हातसडीचा, त्याचा कोंडा माझ्या छिद्रांत साचत गेला. मी बंद होत होतो आणि मला वाटत होतं, जगच शांत होत चाललंय.

गौराबाईंना वाटलं, नवरा अबोल झाला. "हल्ली तुमी माझ्याशी बोलत नाय," असं एकदा म्हणाल्या आणि नंतर ताटही मुकाट्याने वाढू लागल्या. नामाभाऊ सांगून सांगून थकले आणि खरंच गप्प झाले. दोष कानात, यंत्रात की माणसात, हे दोघांनाही ठरवता येईना.

शेवटी त्यांच्या मुलीने, हर्षलाने, मला दुकानात नेलं. ब्रश फिरवताच काचेवर भुकटी पडली. यात भात पेरलंय काय, असं दुकानदाराने विचारलं.

घरी मला कानामागे बसवल्यावर नामाभाऊ म्हणाले, "येतंय काय ऐकू, गौरे?"

"म्हणजे तुमी बोलत होता?"

"थकेपर्यंत रोज बोलत होतो गं."

दुसऱ्या सकाळी दोघं जास्वंदीपाशी गेले. शिंजिराने चोच उघडली. मी सगळा जोर लावला, पण काही नाही. इतका उंच स्वर पकडण्यासाठी मी घडलेलोच नाही. तेव्हा पक्षी बोलला की नामाभाऊ गौराबाईंच्या कानाशी हळूच सांगू लागले, "आता. आता."

"कसा हाय?" गौराबाईंनी विचारलं.

"तुझ्या बांगड्यांसारखा. पण तुला यायचा तसाच मला येतो का, ते नाय सांगता यायचं."

गौराबाईंनी डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, आम्हाला कोरडं ठेवा, आमची छिद्रं साफ ठेवा. आणि आपल्याला ऐकू आलं नाही म्हणून तिथे काही नव्हतंच, असं ठरवू नका. शिंजिराचा आवाज मी कधीही ऐकणार नाही. तरी रोज सकाळी जिवाचा कान करून मी नामाभाऊंच्या त्या एका शब्दाची वाट पाहतो.

आता.