सवाष्ण

शाहपुऱ्याहून कारखान्यात आमच्या शॉपच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. माझ्या बायकोची, मनोरमाची, धाकटी बहीण शालिनी बोलत होती. पोहे करता करता ताई खाली बसली आणि गेली, एवढंच तिनं सांगितलं. मी गेटपास मागितला. फोरमननं कारण विचारलं, सांगितलं. तो म्हणाला, "पर दत्तात्रय, तुम्हारा तो केस चल रहा था ना?"

घटस्फोटाचा अर्ज चालू होता. आमच्यात भांडण नव्हतं, मारहाण नव्हती. वकीलबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. दोघांची सहमती असली तरी कोर्टात दोनदा उभं राहावं लागतं, मधे सहा महिने जाऊ द्यावे लागतात, आणि अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं. बरखेड्याचा क्वार्टर कंपनीचा, माझ्या नावावर. तिला तेव्हा शालिनीकडेही जागा नव्हती. म्हणून त्याच दोन खोल्यांत आम्ही वेगळे झालो. ती पुढच्या खोलीत स्टोव्हवर रांधायची, मी मागे गॅसवर. तिच्या वांग्याच्या भाजीचा वास यायचा. मागायची सोय नव्हती.

हुकूम झाला की कंपनीच्या दवाखान्याच्या कार्डावरून नाव निघेल, हेही वकीलबाईंनी तिला सांगितलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिथूनच मिळायच्या.

"मग मी आजारी पडायचंच नाही," मनोरमा म्हणाली.

वकीलबाई हसल्या. नीट विचार करा, म्हणाल्या.

"केलाय. हे वाईट नाहीत हो. पण लग्न झाल्यापासून मी यांची बायको, आणि दुसरं काहीच नाही. मरायच्या आधी थोडे दिवस कुणाचीच नसताना राहायचंय."

मला ते आजही पुरतं कळलेलं नाही. तिला हवं होतं म्हणून मी सही केली. पहिल्या तारखेला बयान झालं, तिनं कोर्टाच्या व्हरांड्यातच मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं आणि ती शालिनीकडे राहायला गेली.

मी शाहपुऱ्याला पोचलो तर बरखेड्याच्या बायका माझ्या आधीच आल्या होत्या. शेजारच्या नलिनीकाकूंनी हिरवी साडी आणली होती. मी जिन्यात जाऊन वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हुकूम झालेला नाही, म्हणजे कायद्यानं तुम्ही नवरेच.

आत येऊन मी म्हणालो, "हिरवं नका नेसवू. मंगळसूत्रही नको. तिनं काढलं होतं."

नलिनीकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. "नवरा समोर उभा असताना बाईला उघड्या गळ्यानं पाठवायचं? मेल्यावर कसली काडीमोड घेता?"

मी शालिनीकडे पाहिलं. ताईनं काय ठरवलं होतं ते तिला माहीत होतं.

"राहू द्या भाऊजी," ती म्हणाली. "लोक जमलेत."

तिला हिरवी साडी नेसवली. मळवट भरला. मंगळसूत्र मी दिलं नाही, तर कुणीतरी काळी पोत आणून घातली. बायका एकेक करून तिच्या पाया पडल्या. भाग्याची, सवाष्ण गेली, म्हणाल्या. विश्रामघाटावर अग्नी मीच दिला.

दुसऱ्या तारखेला मी कोर्टात गेलो. आम्हा दोघांच्या नावाचा पुकारा झाला. वकीलबाईंनी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यात पतीचं नाव म्हणून माझं नाव आहे. साहेबांनी तो पाहिला आणि फाईल बंद केली.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, तुमच्याकडून आता काही करायचं राहिलं नाही.

तिनं मागितलेला घटस्फोट राहिला.