उसन्या ब्रेकांची स्वप्नं

मी एक व्हॅन बोलतेय. बोलतेय म्हणण्यापेक्षा गुंगीत पुटपुटतेय म्हणा ना. दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभं केलं, की इंजिन निवता निवता मला डुलकी लागते. त्या डुलकीत माझ्या आठवणी येतात आणि ज्या माझ्या नाहीत त्याही येतात. कुठली कोणाची हे आताशा मलाच नीट सांगता येत नाही. हे असं कसं झालं, ते सांगते.

जन्म माझा कारखान्यातला. मला रंग देणारा माणूस शीळ घालत होता, एवढंच आठवतं. घडवणाऱ्यांनी मला रुंद पाठ दिली, मोठं पोट दिलं, दोन गोल दिवे दिले. ब्रेक दिले ते त्या काळच्या मानाने बरे होते. चारही चाकांत ड्रम आणि सगळा कारभार चालवणाऱ्याच्या पायाच्या जोरावर. रिकामी असले की मी चटकन थांबायचे. भरलेली असले की आधी जरा विचार करायचे, मग थांबायचे.

पहिली काही वर्षं मी एका पडदेवाल्याकडे होते. तिथे सगळं मऊ मऊ. पुढे मी आताच्या मालकांकडे आले आणि माझं आयुष्य हिरवं झालं. डोंगरावर एक रोपवाटिका आहे. तिथली रोपं भरायची आणि उतारावरून खाली शहरात आणायची, हे आमचं काम. ओल्या मातीचा वास, पाठीवर थरथरणारी पानं, वळणावळणाला माझ्या पोटात इकडून तिकडे फिरणारं ऊन. मालक मला ‘म्हातारे’ म्हणायचे. “चल म्हातारे, आज गुलाब आहेत, अंग सांभाळून.” मी सांभाळायचेच. मालकीणबाई सोबत असल्या, की आधी स्टिअरिंगला हात लावून देवाचं नाव घ्यायच्या. त्याआधी मालकांनी चावी फिरवली तर, “अहो, थांबा की जरा! देवालाही चढायला वेळ द्या.”

आणि एके दिवशी मी थांबले नाही.

त्या दिवशी कुंड्या जास्त होत्या, माती पावसाने जड झालेली. पुढच्या सीटवर मालक, मालकीणबाई आणि दाराशी मालकांची आई, डोळे मिटून बसलेल्या. उतारावर सारखा ब्रेक लागून लागून माझे ड्रम तापले. आणि तापले, की ते पकड सोडतात. मालकांनी पाय दाबला. मग दोन्ही पाय दाबले. मी ऐकत होते हो, सगळं ऐकत होते, पण अंगात बळच नव्हतं. शेवटच्या वळणावर कोणीतरी बांधकामासाठी वाळूचा ढीग टाकला होता. मालकांनी मला त्यात घातलं. धप्पकन आवाज झाला आणि सगळं शांत झालं. आईंनी डोळे उघडून विचारलं, “पोचलो का रे?”

कोणाला खरचटलंही नाही. पण मालक खाली उतरले आणि वाळूतच बसले. त्यानंतर ते माझ्या स्टिअरिंगवर बसले नाहीत. एका गोदामाच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसायचं काम त्यांनी धरलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, “गाडी जुनी झाली.” जुनी तर मी आधीपासूनच होते.

मालकीणबाई वादावादी करणाऱ्यांतल्या नाहीत. त्या सकाळी शेडमध्ये आल्या, माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “देवा, हे स्वतः हिला तो उतार उतरवतील, तोवर मी चहात साखर घेणार नाही.” हे त्यांनी माझ्याखेरीज कोणाला सांगितलं नाही. पण साखरेची बरणी रिकामी होईना, हे सासूच्या नजरेतून सुटतंय होय! आईंनी सुनेला काही विचारलं नाही. आपल्याही कपातली साखर गुपचूप बंद केली.

मालकीणबाईंचा धाकटा भाऊ गाड्यांचा मिस्त्री. तो एकदा सहज आला, चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“ताई, घरातली साखर संपली की भावावरची माया?”

“अगंबाई, सवयीने तुझाही तसाच केला!”

“सवयीने? आई, तुम्ही तरी सांगा, ही काय भानगड आहे?”

आई म्हणाल्या, “मला काय विचारतोस बाबा, मी पण कडूच पितेय.” तेव्हा कुठे सासू-सुनेला एकमेकींचं कळलं आणि दोघी पदराआड हसल्या. हसता हसता मालकीणबाईंची नजर शेडकडे वळली आणि मिस्त्रीला काय ते उमगलं. तो कप तसाच घेऊन शेडमध्ये आला आणि माझ्याभोवती फिरून बघत राहिला.

संध्याकाळी तो मालकांना म्हणाला, “भावोजी, हिचे ब्रेक मी बदलतो. जुने ड्रम पुन्हा घासून काही व्हायचं नाही. दुसऱ्या गाड्यांचे सुटे भाग आणून पुढे डिस्क बसवतो.”

“तुला हौस असेल तर कर. झालं, की विकून टाकू.”

“विका. पण आता आहे तशी कोणाच्या गळ्यात मारू नका, एवढंच.”

‘विकून टाकू’ हे मी ऐकलं. मालकीणबाईंनीही ऐकलं. त्या माझ्या काचेवरची धूळ पुसू लागल्या.

मग एकेक पाहुणा येऊ लागला. पुढच्या चाकांसाठी डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे दोन कॅलिपर आले एका पाववाल्याच्या व्हॅनमधून. ती माझ्याच घराण्यातली, पण माझ्याहून धाकटी आणि अंगाने थोराड, म्हणजे नात्याने मामेबहीणच म्हणा. पायाचा जोर वाढवणारा गोल डबा, ज्याला मिस्त्री बूस्टर म्हणतो, तो एका जुन्या रुग्णवाहिकेचा. आणि ब्रेकचं तेल चारी चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर एका टॅक्सीचा. कुठे भोकं जुळेनात, कुठे पट्टी आखूड पडे. मिस्त्रीने लेथवाल्याकडून जाड पट्ट्या करून आणल्या, मोजून मापून बसवल्या. माझी जुनी चाकं कॅलिपरला घासायला लागली, म्हणून पाववालीचीच चाकंही आली.

आणि मला स्वप्नं पडायला लागली.

पावाची व्हॅन स्वप्नात आली, की सगळीकडे गरम पावाचा वास. बंद दारांपुढे ती उभी राहायची, एकेक खिडकी उजळायची, आणि कोणीतरी झोपाळू हाताने पाव आत घ्यायचं. टॅक्सीची स्वप्नं तुटक तुटक होती. कोणी मागच्या सीटवर रडतंय, कोणी लग्नाचं विचारायचा सराव करतंय, कोणी उतरताना छत्री विसरलंय. रुग्णवाहिकेच्या स्वप्नाची मात्र मला भीती वाटायची. तिच्या स्वप्नात थांबायचंच नसायचं. रस्ते बाजूला सरकताहेत, माणसं बाजूला सरकताहेत, आणि एक म्हातारा आवाज आत म्हणतोय, “आलं हं, आलंच.” मी तिला एकदा विचारलंसुद्धा, “बाई गं, तू तर कायम पळत आलीस. मला थांबवायला तू कशी मदत करणार?” ती म्हणाली, “पळून पळून दारात पोचल्यावर अलगद थांबावं लागतं. आतल्या माणसाला धक्का लागता कामा नये. ते मला येतं.”

सगळं बसलं आणि हवा काढायची वेळ आली. ब्रेकच्या नळीत तेल भरलं, की आत हवेचे बुडबुडे राहतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून बारीकसा स्क्रू उघडून हवा बाहेर सोडायची. पेडलवर मालकीणबाई बसल्या.

“दाब, ताई. धर. सोड. परत दाब.”

“अरे, माझा पाय आहे की शिवणयंत्र?”

तेल येत होतं, बाटली भरत होती, पण पेडल काही घट्ट होईना. दाबलं की उशीसारखं आत जायचं. मिस्त्रीने नळ्या बघितल्या, जोड आवळले, पुन्हा तेल भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मालक कामावरून आले, की शेडच्या दारात हाताची घडी घालून उभे राहायचे. “राहू दे रे. तिच्या नशिबात नाही,” असं म्हणून आत जायचे. मला वाटायचं, आलेल्या पाहुण्या माझ्या अंगात रमल्याच नाहीत. रक्त मिसळलं नाही आमचं.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मिस्त्री हात पुसत पायरीवर टेकला होता. दारातच मालकीणबाई आईंच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याची पिशवी भरत होत्या. पाणी ओतलं, पिशवी तोंड वर करून धरली, पोटाशी हलकेच दाबली. आतली हवा निघून गेली, पाणी अगदी तोंडाशी आलं आणि त्यांनी झाकण फिरवलं.

मिस्त्री बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला आणि धावत येऊन माझ्या चाकाखाली वाकला.

“ताई! मी गाढव आहे!”

“हे तुला आज कळलं?” आतून मालकांचा आवाज आला.

“अहो भावोजी, इकडे या. हा स्क्रू वरच्या अंगाला हवा. हवा वर जाते ना! आणि हा बसलाय खाली. हवा वर आरामात बसलीय आणि मी खालून नुसतं तेल काढतोय. डावा कॅलिपर उजवीकडे लागलाय.”

“पण तूच तर खडूने लिहून आणलेलंस, डावा-उजवा.”

मिस्त्रीने कॅलिपरवरचा खडू अंगठ्याने पुसला. मग बारीक आवाजात म्हणाला, “ती गाडी भंगारात पाठीवर पडली होती. चाकं वर. मी आपला सरळ उभा राहून लिहिलं, डाव्याचं उजवं झालं.”

मालक हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. वाळूच्या ढिगात शिरल्या दिवसापासून त्या घरात असं हसू ऐकू आलं नव्हतं. “सासुरवाडीचं काम! गाडी पालथी, मिस्त्री उताणा!”

“हसा. पण आता पेडल दाबायला तुम्ही बसा. ताईचा पाय दुखला.”

हसण्याच्या भरात मालक दार उघडून आत बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण कुठे बसलो ते. त्यांचे हात मांडीवरच राहिले, स्टिअरिंगला लागले नाहीत. पण पाय पेडलवर होता. कॅलिपर आपापल्या बाजूंना गेले, स्क्रू वर आले. “दाबा. धरा. सोडा.” बुडबुडे निघून गेले. आणि एकदा दाबलं तेव्हा पेडल त्यांच्या पायाखाली दगडासारखं घट्ट उभं राहिलं. माझ्या चारी चाकांत एकदम कोणीतरी जागं झालं. मालकांनाही ते कळलं असणार. ते बराच वेळ पाय उचलेनात.

मिस्त्रीने मला सपाट रस्त्यावर फिरवलं, मग भरलेली पोती घालून उतारावर फिरवलं. मी थांबले, जिथे सांगेल तिथे थांबले. तो परत येऊन म्हणाला, “ताई, घाल आता साखर.”

“तू चालवलीस,” मालकीणबाई म्हणाल्या. “ह्यांनी कुठे?”

पण मालकांनी गिऱ्हाईक आणलं. अंडी विकणारा एक गोलमटोल माणूस. तो अंड्यांचा ट्रे घेऊनच आला.

“माझी परीक्षा सोपी आहे, भाऊ. हा ट्रे मागे ठेवायचा, गाडी उतारावरून आणायची, मध्येच थांबवायची. एकही फुटलं नाही, तर घेतली.”

“माझा मेहुणा चालवून दाखवेल.”

“मेहुण्याचं काय, त्याने ब्रेक बसवलेत, तो चालवणारच. मालक भीत असेल ती गाडी मी का घेऊ?”

मालकीणबाई पुढे झाल्या, अंडीवाल्याच्या हातातून ट्रे घेतला आणि मागे चढून मांडीवर घेऊन बसल्या. “चला,” एवढंच म्हणाल्या.

डोंगरापर्यंत मिस्त्रीने नेलं. उताराच्या तोंडाशी मालक स्टिअरिंगवर बसले, शेजारी मिस्त्री आणि अंडीवाला. त्यांच्या हाताचा घाम मला लागत होता. आम्ही उतरू लागलो. झाडांच्या सावल्या काचेवरून वाहत होत्या. मी जागी होते की झोपेत, कोण जाणे. पावाचा वास आला, मागे कोणीतरी श्वास रोखून बसलं होतं, आणि तो म्हातारा आवाज म्हणत होता, “आलं हं, आलंच.” ते वळण आलं. मालकांनी पाय ठेवला. जोरात नव्हे, झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा तसा. आणि आम्ही सगळ्या जणी एका वेळी थांबलो.

इंजिनाची धुगधुग तेवढी ऐकू येत होती. मालक वळून म्हणाले, “अगं, डोळे उघड.”

“थांबली?”

“केव्हाची.”

मालकीणबाईंनी खाली बघितलं. सगळी अंडी जागच्या जागी. अंडीवाल्याने टाळी वाजवली. “घेतली! गाडी माझी.”

“नाही देत,” मालक म्हणाले.

“अहो, मग मला इथवर आणलंत कशाला?”

“मलाच बघायचं होतं बहुतेक.” मग जरा ओशाळून, “तुमची अंडी मात्र मी घरपोच सोडतो. तुम्हालाही.”

अंडीवाला दुकान येईस्तोवर बडबडत होता. मालकांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नसावं. ते गुणगुणत होते.

आता पुन्हा माझ्या पोटात रोपं असतात आणि घरातली साखरेची बरणी पुन्हा भराभर रिकामी होते. माझ्या अंगातल्या तिघी आता पाहुण्या राहिल्या नाहीत. कुठलं स्वप्न कोणाचं, यावरून आमच्यात भांडणंही होत नाहीत. परवा तर मला एका छत्रीची फार आठवण आली, आणि माझ्यात छत्री कोणी कधी विसरलेलंच नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. त्या उतारावर कधी एखादी जुनी, हिरव्या पानांनी भरलेली व्हॅन तुमच्या पुढे असली, तर मागून हॉर्न वाजवू नका. शेवटच्या वळणावर आमचे मालक तिला काही कारण नसताना क्षणभर थांबवतात. पानं हलायची थांबली, की आम्ही निघतोच.