सासऱ्यांच्या हातची गाठ

इट्टोचं डोकं सकाळपासून तापलं होतं. आवारातल्या सगळ्या मेंढ्या एकदम माजावर आल्या होत्या, शेपट्या हलवत दोन्ही नरांना अंग घासत होत्या, आणि नरांनी अवेळी मेंढ्यांवर चढू नये म्हणून पोटाखाली बांधलेले चामड्याचे पडदे जसेच्या तसे.

ते सोडायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. ॲटलस डोंगराच्या या अंगाला रीतच तशी. म्हाताऱ्यानं बिस्मिल्ला म्हणून गाठ सोडायची, नरांना मूठभर जव चारायचे. आणि इट्टोचे सासरे हद्दू नेमके बहिणीकडच्या लग्नाला जाऊन बसले होते.

गेल्या उन्हाळ्यात उशिरा जन्मलेल्या कोकरांना गवतच मिळालं नाही. आयांचं दूध आटलं. तापलेल्या जमिनीत फावडं मारून मारून इट्टोनंच त्यांना पुरलं. म्हणून तर तिनं सासऱ्यांच्या नाकदुऱ्या काढून गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. औषधाचे स्पंज मेंढ्यांच्या अंगात बसवले, मग काढले, वर सुई टोचली. म्हणजे सगळ्या एकदम फळतील आणि वसंतातल्या गवतावर एकदम वितील.

"एकदाच हं," हद्दू म्हणाले होते. "फसलं तर या घरात पुन्हा सुईचं नाव काढायचं नाही."

तिनं फोन लावला. "मामंजी, आजच सोडायला हवं. उद्यापर्यंत माज उतरेल, त्या थांबायच्या नाहीत."

"माझ्या बापाच्या वेळी थांबायच्या, तुझ्या वेळी का नाही? येतो उद्या-परवा. मेजवानी व्हायचीय अजून."

"तुम्ही तरी सोडा हो," ती नवऱ्याला म्हणाली.

बासूनं हात मागे घेतले. "बाबा जिवंत असताना? लोक तोंडात शेण घालतील."

"आणि कोकरं मरतात तेव्हा कुठे असतात हे लोक?"

तिनं स्वतःच गाठीला हात घातला, तर त्यानं मनगट धरलं. "माहेरी जायचंय का तुला?"

तिला रडूही येईना, इतका संताप झाला.

हद्दू आले दोन दिवसांनी. बिस्मिल्ला झालं, जव चारून झाले, गाठी सुटल्या. नर उधळले. मेंढ्या मात्र चारा चघळत पुढे सरकत राहिल्या. एक म्हणून उभी राहिना.

"बघ," हद्दू म्हणाले, "सुईनं थंड करून टाकल्यास माझ्या मेंढ्या."

"मेंढ्या तयार होत्या, मामंजी. तुम्ही लग्नात होता."

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "फळतील आता सवडीनं, एकेक करून. आपल्याकडे असंच असतं." आणि ते चहाला आत गेले.

इट्टो कोठारात गेली. गेल्या उन्हाळ्यातल्या खड्ड्यांनी फावड्याचा दांडा खिळखिळा झाला होता. ती खाली बसली आणि त्यात पाचर ठोकू लागली.