युरानीची खिडकी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, आणि आधीच सांगून टाकते, मला युरानी अजिबात आवडत नाही!

मारिनीया गावात एका सुताराने मला घडवलं आणि मेदेयिनच्या एडिल्सननं मला उचलून थेट छातीशी धरलं. नवी चाल सुचली की तो आधी मलाच ऐकवायचा. मलाच! मग पलीकडच्या गल्लीतली युरानी यायला लागली. दोघं गच्चीवर बसून गाणी रचायची, मक्याच्या गरम आरेपा खायची, आणि चीज लागलेल्या बोटांनी ती माझ्या तारा छेडायची. आणि हा नुसता हसायचा!

मनातलं मात्र कुणीच बोलेना. शेवटी एडिल्सन मला घेऊन तिच्या खिडकीखाली गेला. रीतच आहे ना, मुलगा खाली गातो, मुलीच्या मनात असेल तर ती खिडकीत दिवा लावते. घसा सुकेपर्यंत गायला बिचारा. खिडकी काळीच! तो मान खाली घालून परतला, आणि मी काय खूश झाले म्हणून सांगू!

पुढे काही वर्षांनी त्या काळ्या खिडकीवर त्यानं गाणं केलं. दोन आवाजांचं. दुसरा आवाज कुणाचा? तिचाच! ती आता बोगोटात गायची, तिथल्याच एकाशी लग्नही ठरलेलं. माझं कडवं मीच लिहीन, असं तिनं फोनवर बजावलं.

"वेगवेगळ्या खोल्यांत उभे राहा," रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओवाल्या नुबियाबाई म्हणाल्या.

"कशाला? भांडणार नाही आम्ही," युरानी म्हणाली.

"भांडा गं खुशाल. रडलात तर माझा माइक भिजतो!"

तरी दोघं समोरासमोरच उभे राहिले. तो गायला, खिडकी काळी, तू निजलेली. मग ती गायली, बल्ब उडाला होता वेड्या, मी बटण दाबत उभी होते.

एडिल्सनचा हात माझ्यावरच थिजला.

"अरे, थांबलास का? वाजव!" नुबियाबाई ओरडल्या.

"बल्ब? नुसता बल्ब?"

"मेणबत्ती पेटवून आले तर तू गायब! अजून एक गाणं गायला असतास तर मरणार होतास का?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?"

"आणि आता?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आता कडवं पुरं कर. मला संध्याकाळी निघायचंय."

त्यानं वाजवलं. इतकी गोड मी जन्मात वाजले नव्हते, आणि तेही तिच्यासाठी!

आता प्रत्येक बसमध्ये तेच गाणं. काय आवाज दोघांचे, म्हणतात लोक. माझं नाव कुणी काढत नाही. तारा गंजल्यात, आणि एडिल्सन माझ्यावर डोकं टेकून रडतो, त्यानं लाकूड फुगलंय.

म्हणून मित्रांनो, आम्हाला कोरडं ठेवा, पुसत जा. आणि कुणाच्या मनातलं कळलं नाही तर तोंडानं विचारा की! मला वाटलं होतं, ती नाही म्हणाली तर तो माझा होईल. रोज माझ्याच गळ्यात पडलेला असतो तो, पण एक दिवससुद्धा माझा नसतो.