लंबूच्या वाट्याला आलेला सैनिक

परदेशातल्या युद्धभूमीच्या अभ्याससहलीसाठी इतिहासाच्या सरांचा एक नियम होता, आणि तो त्यांना पोटच्या पोरासारखा लाडका होता. सैनिकांच्या दफनभूमीत प्रत्येकाने एकेका कबरीशी उभं राहायचं आणि त्या सैनिकाच्या वतीने बोलायचं. 'तो' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. मी असा भरती झालो, मी असा लढलो, मी असा मेलो. शिवाय आपल्या वाट्याला कोण आलंय हे आयत्या वेळेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, अगदी खोलीतल्या मैत्रिणीलासुद्धा नाही. सरांना नाटकाची भारी हौस. शिक्षक झाले म्हणून रंगभूमी वाचली, असं वर्गातली मुलं म्हणायची.

बुटकी ही वर्गातली सगळ्यात ठेंगणी मुलगी, आणि सहलीत तिच्या खोलीत असलेली लंबू सगळ्यात उंच. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की सर म्हणायचे, "सरासरी काढली तर दोघी अगदी बरोबर आहात." सगळे हसायचे, बुटकीही हसायची. सर तिचे आवडते होते. खरं सांगायचं तर बापाखालोखाल तिचा कुणावर विश्वास असेल तर तो या माणसावर होता, आणि तिथेच ती फसली.

सरांनी तिला आधी दिला होता तिचा स्वतःचाच पणजोबा, आजीचे वडील. ते त्याच दफनभूमीत पुरले आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बुटकी नाचतच घरी गेली आणि बाबांना सांगून बसली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिला गच्चीवर नेलं, दार लावून घेतलं आणि आयुष्यभर पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली.

पणजोबा लढाईत पडले नव्हते. त्यांच्याच पलटणीने त्यांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या. पहाऱ्याची जागा सोडून ते चालत घराकडे निघाले होते आणि दुसऱ्याच दिवशी पकडले गेले. त्यांच्या एका म्हाताऱ्या सोबत्याने मरणाच्या आधी बाबांना बोलावून हे सांगितलं होतं. निघण्याचं कारणही त्याने सांगितलं. पणजोबांना मुलगी झाल्याचं कळलं होतं आणि त्यांना ती बघायची होती.

ती मुलगी म्हणजे आजी.

"तिने जन्मभर मान ताठ ठेवली ती त्यांच्या जिवावर," बाबा म्हणाले. "माझे बाबा आघाडीवर पडले, असं सांगत आली. त्यांना गोळ्या घातल्या हे एक वेळ ती पचवेल. पण आपल्यामुळे मेले असं एकदा तिच्या मनाने घेतलं, तर या वयात आपण तिला कसं सावरणार? तिच्या कानावर जाता कामा नये. शप्पथ घे."

बुटकीने शप्पथ घेतली. मग ती सरांकडे गेली आणि म्हणाली, मला दुसरा सैनिक द्या. सरांनी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, असंच. सरांनी पुन्हा विचारलं, इतक्या मायेने की तिला रडूच फुटलं. नकाशे ठेवायच्या खोलीत, दोन कपाटांच्या मधे उभं राहून तिने सगळं सांगून टाकलं. आधी शब्द मात्र घेतला. सर म्हणाले, "वेडी आहेस का? हे माझ्या पोटात राहील." त्यांनी तिला पलटणीतला एक आचारी दिला. तिचा जीव भांड्यात पडला.

दफनभूमीत त्या दिवशी लख्ख ऊन होतं. हिरवळ नुकतीच कापलेली, पांढरे दगड एका उंचीचे, एका मापाचे. बुटकीचा आचारी छान झाला. खंदकात आमटी नेता नेता ती निम्मी सांडायची आणि शिव्या मात्र पूर्ण मिळायच्या, असं ती म्हणाली तेव्हा सगळी मुलं खळखळून हसली. मग सरांनी सगळ्यांना शेवटच्या रांगेकडे नेलं, कुंपणाच्या भिंतीलगत. दगडावरचं नाव बुटकीने लांबूनच वाचलं. नुसतं दाखवायला आणलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. तेवढ्यात लंबू पुढे झाली.

"मी भित्रा नव्हतो," लंबू म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "मला घरी जायचं होतं. मला मुलगी झाली होती."

बुटकीच्या पायाखालची जमीन सरकली. लंबू बोलत होती आणि एकेक गोष्ट नकाशांच्या खोलीतून उचलून आणलेली होती. पहारा सोडणं, ते चालणं, ती भिंत, सगळं. रोज शेजारच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून लंबू पुटपुटायची ते हेच होतं तर. बुटकीनेच तिला एकदा म्हटलं होतं, जरा मोठ्याने म्हण, पाठ लवकर होईल.

लंबूचं संपलं. दोन मुली डोळे पुसत होत्या. सर पुढे आले, त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आणि या सैनिकाची पणती आज आपल्यात उभी आहे." त्यांनी बुटकीच्या खांद्यावर हात ठेवला.

सगळ्यांच्या माना वळल्या. लंबूचा चेहरा खाडकन उतरला. "मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. "आईशप्पथ, सरांनी मला फक्त नाव दिलं आणि गोष्ट सांगितली." कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. काही जणांचे फोन वर होते. त्या टाळ्यांचा बुटकीला जितका राग आला, तितका आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

बसपाशी तिने सरांना गाठलं. "सर, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, लाज कसली त्यात? अशा सैनिकांना आता कुणी नावं ठेवत नाही. उलट सगळे रडले, पाहिलंस ना? आणि इतिहास काही कुणाच्या घरचा नसतो."

"मग तुमच्या घरचा सांगायचा होतात."

सर हसले. हा माणूस अशा वेळी हसू शकतो हे तिला आजवर दिसलंच नव्हतं. केसाने गळा कापणारा माणूस दिसायला किती साधा असतो! वर त्याला वाटत असतं की आपण समोरच्याचं भलंच करतोय.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "परत गेल्यावर शाळेत प्रदर्शन आहे. त्याचं उद्घाटन मी तुझ्या आजींच्या हस्ते ठेवलंय. कालच फोन केला त्यांना. तुमच्या वडिलांवर कार्यक्रम आहे, एवढंच सांगितलं. बाकीचं त्या तिथेच ऐकतील."

"सर, नका हो. तिला सहन होणार नाही."

"एकदा ऐकलं की त्यांचंही मन हलकं होईल. आणि आता सगळ्यांना कळलंच आहे."

ते मात्र खरं होतं. वर्ग बसमध्ये चढत होता आणि निम्मी मुलं घरी फोन लावून हेच सांगत होती. आज ना उद्या कुणीतरी आजीला दारात गाठून हळहळणार होतं. सरांनी नुसतं गुपित फोडलं नव्हतं, ते आजीला सांगायचं कामही बुटकीच्याच गळ्यात मारलं होतं. बाबांना आधी सांगायचं तिचं धाडस झालं नाही. बसच्या मागे उभं राहून तिने आजीला फोन लावला.

"अगं, तुझ्या सरांचा फोन आला होता!" आजीने तिला बोलूच दिलं नाही. "माझ्या बाबांवर कार्यक्रम आहे म्हणे. मी म्हटलं, अहो, साधे शिपाई होते ते, त्यांची कोण आठवण काढतंय! तर म्हणाले, तुम्ही याच आजी, पहिल्या रांगेत बसवतो. गेलीस का तू तिथे? दगड नीट आहे ना? पुढच्या रांगेत आहेत का ते?"

"आजी, तू बस आधी."

"बसलेलीच आहे. काय झालं? तू बरी आहेस ना?"

बुटकीने सांगितलं. 'मी' म्हणून नाही, नाटक करून नाही, बाबांनी गच्चीवर सांगितलं तसं, तुटक तुटक. ते का निघाले होते एवढंच तिने गाळलं. घरची आठवण आली असेल, म्हणाली.

 पलीकडून आजीने विचारलं, "मी झाले तेव्हाच ना हे?"

बुटकीला खोटं बोलता आलं नाही, आणि खरंही बोलवेना. ती नुसती रडत राहिली. आजीला उत्तर मिळालं.

"तुझ्या बापाला माहीत होतं?"

"हो. तुला त्रास होईल म्हणून त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही."

"मग त्या सरांना कुणी सांगितलं?"

"मी," बुटकी म्हणाली.

आजीने फोन ठेवून दिला.