बांधावर रोखलेली दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय, बंदुकीच्या पाठीवर बसवायची. लांबीला वीतभर, वजनाला दोन कांद्यांएवढी. आणि आधीच सांगून टाकते, मला माणसं आवडत नाहीत. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना मालकाचे गोडवे गातात म्हणे. माझ्याकडून तसलं काही मिळणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर छापलेलं होतं. ते खोकं मला विकत घेणाऱ्या जगनने घरी आल्या आल्या चुलीत घातलं. एवढं आठवतं, की काचा बसवून झाल्यावर माझ्या पोटातली दमट हवा काढून कोरडा वायू भरला आणि दोन्ही तोंडं अशी घट्ट बंद केली की पुढे कोकणातल्या पावसालाही आत शिरता आलं नाही. माझ्या आत दोन काळ्या रेघांची फुली आहे. समोरची वस्तू मी चौपट मोठी दाखवते, कमी नाही की जास्त नाही. फिरवायचं कडंच नाही, तर बिघडणार काय?

पेणला विष्णू सरांच्या दुकानात मी दीड वर्ष कपाटात काढलं. सर शाळेतून निवृत्त होऊन वडिलांचं बंदुकांचं दुकान चालवत होते. माझ्या शेजारी एक हातभर लांब दुर्बीण होती, तोंड पेल्याएवढं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिच्यावरच बोट ठेवायचं. मला तिचा मनापासून राग यायचा, आणि त्या गिऱ्हाइकांचा तिच्याहून जास्त.

एका सकाळी जगन आला. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी त्याचं गाव. पन्नाशीचा गडी, बरोबर बायको जनी. बापाकडून आलेली बोल्टची, म्हणजे दर गोळीला दांडा उचलून मागेपुढे ओढायची रायफल, पीक राखण्याचा परवाना, दोन रानडुकरं मारायची वनखात्याची लेखी परवानगी, सगळं नीट घेऊन आला होता. डुकरांनी त्याचं वालाचं शेत नांगरल्यासारखं करून टाकलं होतं.

"ही द्या, सर," त्याने बोट ठेवलं. कोणावर ते सांगायला नको.

"किती लांबून मारणार?"

"मचानावरनं बांधापोत. साठ-सत्तर पावलां."

"मग हिच्यातून डुकराचे केस मोजणार आहेस? एवढ्या जवळून हिच्यात अख्खं जनावर मावणार नाही. नुसतं काळं दिसेल. कान की शेपूट ते ठरवेपर्यंत डुक्कर नागोठण्याला पोचेल."

"एवरी लांब कशाला?" जनी म्हणाली. "चांदावरचा डुक्कर मारताव काय?"

जगन ओशाळला, पण हट्ट सोडेना. मग सरांनी कपाट उघडलं. हातभर लांब बाई रायफलीवर ठेवून त्यांनी बोल्ट उचलला, तर दांडा थेट तिच्या अंगावर आपटला. तिला उंच बसवावं तर गाल लाकडावर टेकत नव्हता. मग माझी पाळी आली. मी खाली, नळीला चिकटून बसले आणि बोल्ट माझ्या कुशीजवळून सहज निघून गेला. सरांनी शेवटी भांडंभर कोमट पाणी मागवलं आणि आम्हा दोघींना बुडवलं. तिच्या अंगातून बुडबुड्यांची माळ निघाली. माझ्यातून एकही नाही. जनी खो खो हसली. मी आयुष्यात एवढी खूश पुन्हा कधी झाले नाही.

सरांनी मला पक्कं बसवलं. "डोळा चार बोटं मागे ठेव, नाहीतर धक्क्याने भुवई फुटेल. आणि हिच्यातून नुसतं बघत बसायचं नाही, जगन. हिच्यातून बघितलंस म्हणजे नळी रोखलीस."

"व्हय, सर."

माणूस इतक्या पटकन 'व्हय' म्हणाला, की समजावं, ऐकलेलं नाही.

पहिला महिना बरा गेला. दिवस मावळताना डुकरं यायची. मचाणावरून जगनने दोन बार टाकले आणि दोन्ही लागले. रायफलीचा धक्का गाढवाच्या लाथेसारखा, पण माझी फुली तसूभर हलली नाही. जनीने मला पदराने पुसलं. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

मारायची परवानगी तिथेच संपली. पण जगनचं मचाण काही सुटेना.

बांधापलीकडचं शेत हरेशचं, जगनच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. का, तर बांध. हरेश मधला बांध कोरतो, रोज कुदळीचा एकेक घाव घालून जमीन आपल्याकडे ओढतो, हे जगनच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. हरेश कंपनीत शिफ्टला जायचा आणि शेत बघायची त्याची बायको अनिता. तरी चोर ठरला हरेशच.

जगन रोज सकाळी मचाणावर चढायचा, रायफल खांद्याला लावायचा आणि माझ्यातून बांध बघायचा. मी माझं काम चोख केलं. उकरलेली माती दाखवली. मातीत डुकराच्या मुसकटाने पाडलेले खड्डे दाखवले. बाजूला दोन फाकींच्या खुरांचे ठसे दाखवले, चौपट मोठे करून!

"कुदल," जगन पुटपुटला. "कुदलच हाय ही."

कपाळ माझं. चौपट काय, चाळीसपट मोठं करून दाखवलं असतं तरी ह्याला कुदळच दिसली असती. मी त्या दिवसापासून त्याचा तिरस्कार करायला लागले. पण माझा तिरस्कार कोण विचारतो? त्याने डोळा लावला की मला दाखवावंच लागतं. बांध झाल्यावर तो हरेशचं अंगण बघू लागला. त्यांचा दरवाजा, मोरी, दोरीवरचे कपडे. जिथे त्याची नजर, तिथे माझी फुली, आणि फुलीखाली नळी. खांद्याला लावण्याआधी तो बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायचा, सवयीने. नुसता बोल्ट ढकलल्याचा आवाज वेगळा आणि काडतूस आत गेल्याचा वेगळा. मला दोन्ही ओळखता येतात.

माघातल्या एका सकाळी अनिता वालाच्या शेंगा खुडत बांधाशी आली. बांधाचं एक ढेकूळ सुटून खाली पडलं होतं. तिने ते उचललं, पुन्हा जागेवर बसवायला. जगनला काय दिसलं असेल ते तुम्हीच ओळखा. फुली अनिताच्या गळ्यावर आली, काळ्या पोतीचे मणी मला एकेक मोजता येत होते. जगनचं बोट घोड्यावर होतं का? होतं. आणि आत काडतूस होतं. मी आवाज ऐकला होता.

मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते.

अनिताने वर बघितलं. मला वाटलं, आता पळेल. ती पळाली नाही. ढेकूळ जागेवर दाबलं, हात झटकले आणि सरळ मचाणाकडे चालत आली. पावलागणिक माझ्यात मोठी होत गेली, शेवटी नुसता चेहरा राहिला. तेव्हा कुठे जगनने नळी बाजूला केली.

"बघताव ना, भावजी? घ्या, जवलनं बघा."

"मी बांध बघत होतो, गो. दुर्बिनीतनं नुसता बघत होतो."

"बंदूक रिकामी हाय?"

"व्हय तं."

"मंग उघडून दाखवा."

जगनने बंदूक मांडीआड ओढली.

"उघडा म्हनते ना!"

त्याने बोल्ट मागे ओढला. पितळी काडतूस उडून मचाणाच्या फटीतून खाली वालात पडलं. अनिताने वाकून ते उचललं.

"हा माज्यासाठी व्हता का त्यांच्यासाठी?"

"डुकरासाठी, गो. सकालचापन येतो कदी कदी."

"बांध डुकरांनी उकरलाय, भावजी. त्यांची पावलां तुमाला दिसली नाय. मी बरी दिसले."

जगन खाली उतरला. तोंडावर घाम होता. "अनिता, ठान्यात जाऊ नको. परवाना जाईल. बंदूक गेली तं डुकरां दोनी शेतां खातील, तुमचापन."

"ठावं हाय मना. म्हनूनच अजून हितं उबी हाय." काडतूस तिने कमरेला खोचलं. "ह्यांना सांगितला तं ते कोयता घेऊन येतील. तुमी मराल नाय तं ते जेलात जातील. म्हनून त्यांनापन सांगत नाय. पन ही दुर्बीन सोडा. आत्ताच, माज्यासमोर."

माझ्याबरोबर आलेली छोटी चावी जगनच्या तंबाखूच्या पिशवीत असायची. स्क्रू सोडवताना त्याची बोटं घसरत होती. एक स्क्रू मातीत पडला, तो शोधायला ना तो वाकला ना ती. अनिताने मला पदरात घेतलं आणि माघारी वळली. काडतूस तिने दुसऱ्या दिवशी रोह्याशेजारच्या अष्टमी गावाच्या पुलावरून कुंडलिकेत टाकलं, नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून.

त्याला आता वर्ष होईल. भाऊ अजून बोलत नाहीत. डुकरं अजून येतात. जगन हवेत बार काढून त्यांना पिटाळतो, त्यात दोन्ही शेतं वाचतात. जनीने रायफलीवरची रिकामी जागा बघितली असणार. तिने विचारल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

मी अनिताच्या घरी, तांदळाच्या डब्यात असते. माझ्यावर एक ओरखडा नाही. सरांनी टिकाऊ म्हणून दिली होती, टिकलेय. वाचकहो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला पुन्हा कुठल्या नळीवर चढवू नका. डोळ्याला लावायचं तर हातात धरून लावा.

हरेश पहिल्या शिफ्टला गेला की अनिता मला बाहेर काढते आणि खिडकीत उभी राहते. जगन शेजारच्या आपल्या घरातून शेताकडे निघतो. फुली त्याच्या पाठीवर बसते, बांधापर्यंत तिथेच राहते. पहिल्या दिवशी त्याने तिला एकदा बघितलं, आता तो वळून खिडकीकडे बघत नाही. खिडकीत बंदूक नाही, तिच्या हातात फक्त मी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तरीही तो रोज तेवढं अंतर खांदे आवळून, वाकून चालतो. चालू दे.